तिसऱ्या फेरीतला अडखळा

रविवारी सकाळी दादा स्वतः हातात झाडू घेऊन कार्यशाळेत उतरला, तेव्हाच त्याच्या धाकट्या बहिणीला, आत्याला, कळलं की आजचं प्रकरण गंभीर आहे. दादा जुन्या धाटणीची लाकडी वाद्यं बनवायचा, आणि त्याच्या मते भुसा हा कार्यशाळेचा गालिचा होता. वहिनीनं लग्न झाल्यापासून त्या भुशाशी भांडण मांडलं होतं आणि दरवेळी भुसाच जिंकला होता. आज मात्र दादानं करवती भिंतीला टांगल्या, सरसाच्या डब्याला झाकण लावलं, आणि खिडकीची काच वर्तमानपत्रानं पुसली.

"अरे, ती बाई चाल ऐकायला येतेय, फरशी बघायला नाही," आत्या म्हणाली.

"मुके, तू तुझी घरघर जुळव. बाकीचं मी बघतो."

मुकी हे आत्याचं लहानपणीचं नाव. ती चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती, आणि पुढे बोलायला लागली तोवर घरातली बोलायची सगळी जागा दादानं अडवलेली होती. आता ती सत्तावन्न वर्षांची होती. एका चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासून चौकटीत बसवायची, आणि केसाइतका फरक तिच्या बोटाला कळायचा. पण दादा आणखी नऊ वर्षांनी मोठा होता, त्यामुळे मुकी ती मुकीच राहिली.

घरघर म्हणजे तिचं वाद्य. ते मांडीवर घ्यायचं, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, म्हणजे आतलं लाकडी चाक तारांवर घासत राहतं. डाव्या हातानं पट्ट्या दाबल्या की चाल उमटते आणि मागे एक सूर न थांबता घुमत राहतो. शेकडो वर्षांपूर्वी गावोगावचे लोक यावर नाचायचे. दादानं ते एका जुन्या चित्रावरून, स्वतःच्या हातानं बनवलं होतं. वहिनी दर चार दिवसांनी म्हणायची, "चांगल्या चालत्या वाद्याला घरघर कसली म्हणता? उद्याचा भरवसा नसल्यासारखं वाटतं." पण नाव चिकटलं ते चिकटलं.

संग्राहक बाई अकरा वाजता येणार होत्या. जुन्या, कर्ता माहीत नसलेल्या चालींचा मोठा संग्रह त्या तयार करत होत्या, आणि त्यात घरच्या बँडची सर्वांत प्रसिद्ध चाल घ्यायची होती. संग्रहात गेलेल्या बँडला पुढच्या वर्षी नऊ शहरांचा दौरा होता. दादाची मुलगी चिमणी हिनं त्या नऊ शहरांची यादी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवली होती. ती शाळेत संगीत शिकवायची, आणि गेल्या वर्षी दादाचा खांदा धरल्यापासून बँड तीच चालवत होती. दादापेक्षा कडक होती. पाचशे वर्षांच्या अलीकडचा एक सूरही वाजवायचा नाही, हा तिचा नियम. तिचा नवरा कवळ्या बनवायचा आणि बँडमध्ये पिशवीत हवा भरून फुंकायचा मशकबाजा वाजवायचा. त्यानं एकदा स्वतः केलेली एक चाल भीत भीत पुढे केली, तर चिमणीनं तीन दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

तोच जावई साडेदहाला फोन उंच धरून आत आला.

"ऐका ऐका! आपली चाल कुठल्या कुठे पोचलीय बघा. दूरच्या शहरातली चार पोरं आहेत. लाखभर लोकांनी ऐकलंय."

त्यानं फोन कामाच्या टेबलावर ठेवला. आधी ढोल, मग विजेची गिटार, आणि मग खरंच, तीच चाल. दादानं झाडू भिंतीला टेकवला. वहिनी शिट्टी ऐकल्यासारखी स्वयंपाकघरातून आली. चिमणी मान डोलवू लागली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. पोरांचा हात चांगला होता, यात शंका नाही. तिसऱ्या फेरीत मधला सूर जिथे अर्धी मात्रा उशिरा यायला हवा, तिथे तो अगदी वेळेवर आला. गुळगुळीत. पुढे सगळी फेरीच घसरगुंडीवरून उतरावी तशी सरळ खाली आली.

"चुकलं," आत्या म्हणाली.

"काय चुकलं?" चिमणी म्हणाली.

"तिसऱ्या फेरीतला अडखळा खाल्ला त्यांनी."

"सुधारलाय गं त्यांनी. खरं सांगू? मला असंच जास्त आवडलं. नाचणारे तिथे नेहमी गडबडतात."

"गडबडायलाच हवं. तिथे पाय अडखळला नाही तर पुढची उडी कशाला मारायची? लिही त्यांना. चूक आहे म्हणावं."

"आत्या, असं कसं लिहिणार?" चिमणीचा आवाज वर्गात शिकवतानाचा झाला. "लोकांची चाल आहे. शेकडो तोंडांतून आलीय, बदलतच आलीय. तिचा मालक कोण? ज्याला जशी वाटेल तशी त्यानं वाजवावी."

आत्यानं आतापर्यंत ही वाक्यं कितीतरी वेळा ऐकली होती. काही तर तिला पाठ होती. आज ती तिच्या घशाखाली उतरेनात. अडतीस वर्षांत कुणी तिचं नाव घेतलं नाही याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण ती गुळगुळीत फेरी तिच्या कानात चुकीचा नंबर लागलेल्या चष्म्यासारखी खुपत होती.

"लोकांची नाही ती," आत्या म्हणाली. "माझी आहे. मी केलीय."

जावई हसला. चिमणीही हसली. मग तिनं बापाकडे पाहिलं. दादा सरसाच्या डब्याचं झाकण काढून आत बघत होता, आणि त्या डब्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा?"

"सरस घट्ट झालाय," दादा म्हणाला.

"बाबा, ते चामडी पान? जुन्या पेटीच्या तळाशी सापडलेलं? चौकोनी खुणांत ही चाल लिहिली होती ते? प्रत्येक कार्यक्रमात सांगता तुम्ही!"

"पेटी होती," दादा म्हणाला. "पेटी खरी आहे. तुझ्या आईला विचार."

"पेटी खरी आहे," वहिनी म्हणाली. "तळाशी माझे लोकरीचे मोजे होते."

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"मी तिथेच होते की. वन्सं स्वयंपाकघरात स्टुलावर बसून दांडा फिरवत होत्या आणि मी कांदे चिरत होते. सगळी चाल माझ्यासमोर झाली. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. कांद्यानं असेल, पण आलं होतं."

चिमणी खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. ज्या बापाकडून आपण खऱ्या-खोट्याचा कडकपणा शिकलो तो बाप असा निघावा, हे तिला पटेना. ती त्याला फाडून खाणार असं दिसताच दादानं हात वर केले.

"आधी ऐक. पहिला कार्यक्रम होता. सभागृहवाल्यांची अट होती, सगळं जुनं पाहिजे आणि पुरे बारा नग पाहिजेत. माझ्याकडे अकरा होते. हिच्याकडे ही चाल होती. मी म्हटलं, नाव सांगतो, होईल ते होईल. तर ही बाई काय म्हणाली विचार तिला."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याला आठवत होतं. एकोणीस वर्षांची होती ती, आणि शंभर माणसांसमोर कुणी आपल्याकडे बोट दाखवेल ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

"मी म्हटलं, कुणाचंही नाव सांग, माझं नको," ती म्हणाली. "पण पान मी नव्हतं सांगितलं, दादा. पान तुझं."

"तोंडातून निघून गेलं. लोकांना आवडलं. मग दरवेळी विचारायला लागले."

एवढ्यात दाराची घंटा वाजली. बाई पंधरा मिनिटं आधीच आल्या होत्या.

पुढची दोन मिनिटं घरात जी फाटाफूट झाली ती आत्या पुढे कधी विसरली नाही. वहिनी नवऱ्याच्या बाजूला गेली. "आजचा दिवस जाऊ द्या, वन्सं. पाहुणी दारात आहे." ते आत्याला अपेक्षितच होतं. पण चिमणीनं, जी आत्ताच बापाचा गळा धरायला निघाली होती, उघड्या दारातून स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या यादीकडे एकदा पाहिलं आणि तीही तिकडेच गेली.

"आत्या, फक्त आजच. नंतर बाबांना मी बघते. नऊ शहरं आहेत गं."

"आणि पाचशे वर्षांचा नियम?" जावई म्हणाला.

"तू गप्प बस."

"मी आत्यांच्या बाजूला आहे," जावयानं जाहीर केलं, आणि दार उघडायला गेला. लग्नाला सात वर्षं झाली होती. सासरी त्यानं बाजू घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि त्याला ती फारच मानवलेली दिसत होती.

संग्राहक बाई बुटक्या होत्या, केस पांढरे, पायांत दणकट बूट. त्यांनी भुसा नसलेल्या फरशीकडे पाहिलंच नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर मांडलं, चहाला नको म्हटलं, मग दोन कप घेतले, आणि म्हणाल्या, "आधी ऐकते."

बँडनं चाल वाजवली. चिमणीची सारंगी त्या दिवशी जरा घाईत होती. आत्यानं मात्र तिसरी फेरी अशी वाजवली, की अडखळ्यापाशी बाईंचा दणकट बूट हवेत थांबला आणि मग खाली आला.

"सुंदर," बाई म्हणाल्या, आणि वही उघडली. "आता पानाबद्दल. तुमच्या पत्रात लिहिलंय, चामडी पान होतं. आहे का?"

"वाळवी," दादा म्हणाला.

"चामड्याला?"

"म्हणजे... आधी पेटीला. मग ओल आली."

"मोठं होतं?"

दादानं हातांनी दाखवलं. वीतभर. बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, पूर्ण चाल एवढ्या जागेत मावली? तेव्हा दादाचे हात लांब गेले. मग चौकोनी सुरांच्या ओळी किती, असं विचारल्यावर आणखी लांब गेले. शेवटी ते पान दाराएवढं झालं आणि दादाच्या कपाळावर घाम आला. जावई मशकबाज्याच्या पिशवीत तोंड लपवून बसला. वहिनीनं खिडकीबाहेर पाहिलं.

आत्याला आधी हसू येत होतं. मग तिनं दादाचे हात पाहिले. दुखऱ्या खांद्यामुळे उजवा हात डाव्याइतका वर जात नव्हता, आणि तो बिचारा दोन्ही सारखे ठेवायची धडपड करत होता. सासष्ट वर्षांचा माणूस, बहिणीला वाटलेली एक लाज अडतीस वर्षं झाकत आला होता, आणि आता ती झाकायला चामडं पुरत नव्हतं.

"हात खाली कर, दादा," ती म्हणाली. "बाई, पान नव्हतं. चाल मी केली. या घरात, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर."

दादानं हात खाली केले, आणि इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा उरलासुरला भुसा उडाला.

बाईंनी वही मिटली. रागावल्या नाहीत. "या महिन्यातलं हे तिसरं पान," त्या म्हणाल्या. "एक पुरात गेलं, एक काकानं चोरलं. वाळवी पहिल्यांदाच." मग त्या चिमणीकडे वळल्या, कारण सगळ्यांत जास्त पडलेला चेहरा तिचा होता. "संग्रहात घेता येणार नाही. कळतंय ना? तिथे फक्त कर्ता माहीत नसलेल्या चाली. इथे तर कर्ती समोर बसलीय."

"कळतंय," चिमणी म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोरून नऊ शहरं एकेक करून गेली, हे आत्याला दिसलं, आणि तिला वाईट वाटलं. पण फार नाही.

बाई उठल्या नाहीत. यंत्रही बंद केलं नाही. "एक विचारू?" त्या आत्याला म्हणाल्या. "तिसऱ्या फेरीत तो सूर उशिरा का येतो?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आत्याला उत्तर तयार सापडलं, जसं काही ते रोजच कुणी मागत होतं.

"चाक वाकडं होतं," ती म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"दादानं वाद्य नवीन केलं होतं. चाकाला एका जागी उंचवटा होता, अगदी बारीक. ती जागा तारेखाली आली की तार दबायची आणि उचकी लागायची. मला दादाला सांगायची भीती वाटायची, तीन महिने खपला होता तो त्यावर. मग मी चालच अशी बांधली, की उचकी येईल तिथे ती हवीच आहे असं वाटावं. पहिल्या दोन फेऱ्यांत ती चुकवता यायची. तिसरीत कितीही केलं तरी यायचीच. म्हणून तिथे ठेवली."

"माझं चाक वाकडं नव्हतं," दादा म्हणाला.

"नंतर तू ते घासून सरळ केलंस. पण तोवर मला त्याशिवाय करमेना."

"मी घासलं ते गुळगुळीत करायला. सरळ ते आधीपासून होतं!"

वहिनी म्हणाली, "अहो, तेव्हा तुम्ही ते चाक माझ्या पोळपाटावर ठेवून फिरवून पाहिलं होतं. डगडगत होतं."

"तुझा पोळपाट वाकडा असेल."

पानाचं खोटं उघडं पडलं तेव्हा दादा निमूट बसला होता. चाकावर मात्र तो उठून उभा राहिला, वाद्याचं झाकण उघडायला निघाला, पट्टी शोधू लागला. बाई यंत्राचा लहानसा दिवा लुकलुकतोय का एवढं बघत, शांतपणे सगळं टिपून घेत होत्या. चिमणी सगळ्यांत आधी हसली. आत्याला ते ऐकून बरं वाटलं; पोर दुखावली की आठ आठ दिवस हसत नसे.

"अजून काही केलंय?" बाईंनी विचारलं.

आत्यानं दादाकडे पाहिलं. दादानं पट्टी खाली ठेवली आणि पुन्हा सरसाचा डबा जवळ ओढला.

"बाबा," चिमणी म्हणाली. "नाही हं."

"मळणीचा नाच," आत्या म्हणाली. "पाळणा. मेंढपाळाचा. दोन्ही विहिरीवरचे. आणि तो शेवटचा, जो तुझ्या लग्नात वाजवला होता."

"तो सातशे वर्षांपूर्वीचा आहे! मी शाळेत शिकवते तो!"

"तुझ्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात केला होता गं. घाईत झाला. मधला भाग जरा कच्चा आहे."

बँड आता वाजवत असलेल्या बारा चालींतल्या सात. चिमणीनं बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून हुंदका येतोय की हसू, हे काही क्षण कुणालाच कळेना. शेवटी हसूच निघालं, पण थोडं पाणीही आलं, आणि या वेळी घरात कुणी कांदा चिरत नव्हतं.

जावयानं खाकरून घसा साफ केला. "मग माझी ती चाल—"

"आण," चिमणी तोंडावरचे हात न काढता म्हणाली. "पण नाव बदल. 'कवळीचा नाच' म्हणून मी कुठेही वाजवणार नाही."

बाईंनी त्या दिवशी सात चाली यंत्रात घेतल्या. संग्रहात नाही, नव्या रचनाकारांसाठी त्यांची वेगळी वही होती, ती बारीक होती, आणि तिच्यात दौरा एकाच शहराचा होता. चिमणीनं ती नऊ शहरांची यादी काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका शहराचं नाव लिहिलं आणि परत चिकटवली. त्या दूरच्या पोरांना जावयानं पत्र लिहिलं; आत्यानं सांगितलं त्यापेक्षा बरंच गोड. पोरांचं उत्तर आलं, की आम्हांला वाटलं वाजवणाऱ्या बाई तिथे दरवेळी चुकतात, म्हणून दुरुस्त केलं. आत्या दोन दिवस त्या पत्रावर चिडली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना फोन लावून फोनवरूनच पाऊण तास दांडा फिरवून दाखवला.

पंधरा दिवसांनी ग्रंथालयाच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता. लोक नेहमीचेच, खुर्च्याही नेहमीच्याच. आधीच्या दोन चाली झाल्या, आणि दादा नेहमीसारखा माइकपाशी गेला. इथे पानाची गोष्ट यायची. तिला अकरा मिनिटं लागायची, आणि त्या अकरा मिनिटांत आत्या घरघरीच्या तारांना कापूस गुंडाळायची, कारण चाकाखाली कोरडी तार किंचाळते.

दादानं माइक धरला. खिशातून चिठ्ठी काढली, पाहिली, परत ठेवली.

"पुढची चाल माझ्या बहिणीनं केलीय," तो म्हणाला. "वयाच्या एकोणिसाव्या वर्षी."

आणि थांबला. त्याच्याजवळ पुढे काहीच नव्हतं. लोक वाट बघत राहिले. काहींनी घड्याळाकडे पाहिलं. शंभर माणसं वळून आत्याकडे बघू लागली. ती त्यासाठी तयार होती. कापसासाठी मात्र नव्हती. तिची पहिलीच तार अजून अर्धी व्हायची होती आणि बोटं घामानं ओली झाली होती.

"दादा," ती कुजबुजली, पण माइक जवळ होता आणि मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. "अजून जरा बोल ना."

दादानं वळून पाहिलं. तिच्या हातातला कापूस पाहिला. त्याचा चेहरा असा उजळला, की चिमणीनं सारंगी मांडीवर ठेवली आणि जावयानं मशकबाज्यातली हवा सोडून दिली. आता सावकाश बसायचं होतं, हे दोघांनाही कळलं.

"तर त्याचं असं झालं," दादा लोकांना म्हणाला, "की तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एक स्टूल होतं..."

त्यानं स्टूल सांगितलं, कांदे सांगितले, सभागृहवाले सांगितले, बहिणीला वाटलेली भीती सांगितली, आणि आपण मारलेली चामडी थाप तर इतकी रंगवून सांगितली की लोक खुर्चीत पुढे सरकले. आत्यानं दुसरी तार गुंडाळली, तिसरीही गुंडाळली. सोळा मिनिटं झाली. त्यातला एकेक शब्द खरा होता. फक्त चाक अगदी सरळ होतं, एवढं दादानं लोकांना तीनदा सांगितलं.